आवाजाबाबतची तक्रार

"या बाईंच्या गळ्यात कुणीतरी तेल घाला रे!"

एवढंच वाक्य. लिहिणाऱ्याचं नाव ‘ढाण्यावाघ’ आणि चेहऱ्याच्या जागी मोटारसायकलचा फोटो. या एका वाक्याने निवारणकाकांच्या घरातली शांतता भंगली असं म्हणावं, तर तेही खरं नाही. शांतता भंगली नाही, शांतता आली. काकांचं सगळं दुःख तेच होतं.

झालं होतं असं, की काकू लोकरीचं विणकाम करायच्या. जुना स्वेटर दिसला की त्या त्याच्याकडे अशा बघायच्या, की स्वेटरने ओळखावं आपली घटका भरली. तासाभरात त्याचा गुंडा व्हायचा आणि काही दिवसांनी त्याचे मोजे नाहीतर कानटोपी होऊन परत यायची. परगावी राहणारी मुलगी एकदा सुट्टीला आली, तिने हा प्रकार मोबाइलवर टिपला, आईसाठी एक चॅनेल काढून दिलं आणि "आई, तू फक्त बोलत राहा," एवढी सूचना देऊन निघून गेली. काकूंना ही सूचना देणं म्हणजे वाऱ्याला वाहायला सांगणं. मोज्याची टाच वळवता वळवता त्या दातांच्या डॉक्टरांवर घसरायच्या, तिथून लोकरीच्या भावावर यायच्या आणि मधूनच, "इथे दोन टाके एकत्र घ्या, नाहीतर टाचेला जन्मभर भोक राहील," असा दम भरायच्या. आवाज घोगरा, भरदार, थोडा खरखरीत, तीन खोल्या ओलांडून जाणारा. काकांना त्याची इतकी सवय झाली होती की हा एक आवाज आहे हेच ते विसरून गेले होते.

टाचेचा तो व्हिडिओ कसा कोण जाणे, पण हजारो लोकांनी पाहिला. जगात इतक्या लोकांना टाचेची अडचण असेल याची काकांना कल्पना नव्हती. एका ट्रकचालकाने स्वतः विणलेल्या मोज्याचा फोटो पाठवला, तेव्हा काकूंनी तो पायऱ्या चढून सगळ्या इमारतीला दाखवला. त्या दिवसांत काकू दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. पण लोक आले म्हटल्यावर लोकांची तोंडंही आली. ढाण्यावाघाच्या खाली ‘खरंबोलतो’ या नावाच्या गृहस्थाने लिहिलं, "टाके कमी, टकळी जास्त." त्याखाली ‘राजकुमारी’ म्हणाली, "आवाज बंद करून बघितलं. छान आहे." त्याखाली कुणीतरी, "आमचं कुत्रं पलंगाखाली गेलंय, बाहेर यायला तयार नाही."

"लोकांना काही उद्योग नाहीत हो," असं म्हणून काकू हसल्या आणि सुया उचलल्या. काकांना वाटलं, चला, मिटलं. पण पुढचा व्हिडिओ आला, त्यात काकूंचे नुसते हात होते. हात, सुया आणि मागे बासरी. टाके कुठे घ्यायचे ते एका पाटीवर लिहून ठेवलेलं.

व्हिडिओपुरतं असतं तरी काका गप्प बसले असते. पण घरातही तेच सुरू झालं. एरवी काकू कुकरशी भांडायच्या, पडद्यांना नावं ठेवायच्या, पेपरातल्या मंत्र्यांची नाश्त्याआधी हजेरी घ्यायच्या. आता "चहा ठेवलाय" हे वाक्यसुद्धा वाचनालयात बोलावं तसं यायला लागलं. एका सकाळी काकांनी त्यांना आरशासमोर आवाज बारीक करून "दोन सुलटे, दोन उलटे" असं पुन्हा पुन्हा म्हणून पाहताना ऐकलं. बायकोने आपल्याच घरात आवाज चोरून बोलावं, ही गोष्ट त्यांना सहन होईना.

आता निवारणकाकांना निवारणकाका का म्हणतात ते सांगायला हवं. निवृत्त होईपर्यंत काका पाणीपुरवठा कार्यालयाच्या ‘तक्रार निवारण’ या खिडकीत बसत. अर्ध्या शहराने त्या खिडकीतून हात घालून त्यांची कॉलर धरण्याचा प्रयत्न केलेला होता. असा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरातली तक्रार पडून राहावी? काकांनी चष्मा पुसला आणि प्रकरण हाती घेतलं.

आधी ते वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले. वकिलांनी टाचेचा व्हिडिओ अखेरपर्यंत पाहिला, कारण त्यांची स्वतःची टाच दुखत होती, आणि मग म्हणाले, "नोटीस देऊ. पत्ता काय?"

"ढाण्यावाघ. पुढचं माहीत नाही."

"हरकत नाही. पण अब्रुनुकसानी म्हटली की नुकसान दाखवावं लागतं. वहिनींचा आवाज पूर्वी गोड होता असा काही पुरावा? लग्नाआधीचा वगैरे?"

काकांनी फार आठवून पाहिलं. खोटं बोलण्याचाही एक प्रयत्न केला, पण तो ओठांपर्यंत येऊन परत गेला. "नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून असाच आहे."

"मग केस कच्ची आहे," वकील म्हणाले, आणि आतून गरम पाण्याचा टब मागवला.

नंतर काका सायबर पोलिसांच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकी होती. खिडकीत बसलेल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पैसे गेले का?"

"नाही."

"धमकी दिली?"

"गळ्यात तेल घाला म्हणतोय."

"ती धमकी नाही, घरगुती उपाय आहे. बरं, तुम्ही असं करा आजोबा, साध्या कागदावर लिहून द्या. बघू."

काका उभ्या जागी गार झाले. ‘लिहून द्या, बघू’ हे वाक्य त्यांनी उभं आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूने म्हटलं होतं. त्याचा खरा अर्थ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसेल. त्यामुळे त्यांनी काहीच लिहून दिलं नाही. वाटेत मात्र त्यांना राहून राहून राग येत होता तो ‘बघू’चा नव्हे, ‘आजोबा’चा. काका म्हणाला असता तर त्याच्या बापाचं काय गेलं असतं?

शेवटी सल्ला मिळाला तो समोरच्या दारातून. तिथे संगणक कंपनीत नोकरी करणारा एक गृहस्थ राहायचा. सगळी इमारत त्याला संगणकवाला म्हणायची, आणि टीव्हीपासून गिझरपर्यंत काहीही बिघडलं की त्याचीच बेल वाजवायची. तो म्हणाला, "काका, लोक मेंढरं असतात. वेगवेगळ्या नावांनी चार कौतुकाची वाक्यं टाका. बाकीचे आपोआप मागून येतील." नावं कशी बदलायची तेही त्याने दाखवलं. काकांनी मान डोलावली. न समजता मान डोलावण्याची कला सरकारी नोकरीत प्रत्येकाला येतेच.

काकू लोकर आणायला बाहेर पडल्यावर काका घरातला एकुलता एक टॅब घेऊन बसले. मन लावून त्यांनी तीन नावं घेतली: ‘सुरप्रेमी’, ‘विणकामभक्त’ आणि ‘एक भगिनी’. मग लिहायला घेतलं. कौतुक कसं लिहितात याचा त्यांना अनुभव नव्हता. कार्यालयात तसली कागदपत्रं येत नसत. त्यामुळे त्यांनी आपल्याला जमणाऱ्या भाषेत लिहिलं, "सदर बाईंचा आवाज अत्यंत मंजुळ असून त्याबाबत शंका घेण्यास वाव नाही." दुसऱ्या नावाने लिहिलं, "वरील मताशी पूर्णतः सहमत." तिसऱ्याने, "मी एक भगिनी असून मलाही हा आवाज नियमितपणे आवडतो."

तो टॅब काकूंच्या चॅनेलला जोडलेला होता. नावं बदलण्याची शेवटची कळ काकांनी दाबलीच नव्हती. तिन्ही वाक्यं काकूंच्या नावाने, काकूंच्या हसऱ्या फोटोसकट, एकाखाली एक उमटली.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. ढाण्यावाघाने एकट्याने आठ वेळा लिहिलं. खरंबोलतो म्हणाला, "बाई, तुम्ही एक भगिनी आहात हे कळलं, पण तुम्ही तिघी आहात हे माहीत नव्हतं." संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, हे तुम्ही केलंत ना? ‘शंका घेण्यास वाव नाही’ असं जगात दुसरं कुणीही लिहीत नाही."

काकूंनी लोकरीचा गुंडा पिशवीतून काढला, परत पिशवीत ठेवला.

"आवाजाला हसले ते एक वेळ ठीक," शेवटी त्या म्हणाल्या, त्याच बारीक केलेल्या आवाजात. "आवाज आहेच तसा. पण आता लोकांना वाटतंय, मीच माझी पाठ थोपटून घेते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"रविवारी पोरीला सांगून ते चॅनेल बंद करून टाकते. मोजे काय, कुणी न बघताही विणता येतात."

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यात ज्यांच्या ज्यांच्या घरी पाणी आलं नाही, त्यांच्यासाठीसुद्धा ते इतके अस्वस्थ झाले नव्हते.

शनिवारी सकाळी काकू भाजीला गेल्या. काकांनी संगणकवाल्याला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट खातं उघडून घेतलं. फोटो निवृत्तीच्या समारंभातला होता, गळ्यात हारासह. मग ते पहिल्या प्रतिक्रियेपासून सरसावून बसले. ठरवलं होतं की ढाण्यावाघाला चांगला फैलावर घ्यायचा. पण बोटं कळांवर ठेवली आणि गंमत अशी झाली, की बोटांना दुसरी भाषाच येईना. खिडकीचा एक शिरस्ता होता. त्यांच्या पहिल्या साहेबांनी तो घालून दिला होता: समोरचा शिव्या देतोय म्हणजे त्याच्या घरी पाणी आलेलं नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला प्रश्न विचारायचे. काकांनी लिहिलं:

"आपली आवाजाबाबतची तक्रार मिळाली. पुढील माहिती कळवावी. आवाज कधीपासून येतो? सकाळी जास्त येतो की संध्याकाळी? शेजाऱ्यांकडेही येतो की फक्त आपल्याकडेच? फक्त आपल्याकडेच येत असल्यास दोष आपल्या अंतर्गत जोडणीत असू शकतो. तो आमच्या अखत्यारीत येत नाही."

हे वाचून पाहिल्यावर काकांना जरा बरं वाटलं. ते खरंबोलतोकडे वळले. "तपासणी केली असता टाके पुरेशा दाबाने येत असल्याचे आढळले. टकळीचा दाब जास्त आहे, ही बाब खरी आहे. आमच्या घरी हा दाब लग्नापासून असून अद्याप कोणतीही वाहिनी फुटलेली नाही."

राजकुमारीला लिहिलं, "आवाजाची तोटी बंद करून पाहण्याचा आपला निर्णय स्तुत्य आहे. मात्र सूचना न ऐकल्याने टाचेला भोक पडल्यास जबाबदारी ग्राहकाची राहील."

आणि कुत्रेवाल्याला, "कुत्र्याने तक्रार स्वतः दाखल करावी. दुसऱ्याच्या वतीने आलेल्या तक्रारीची दखल घेतली जात नाही."

हे लिहिताना मात्र त्यांची मिशी थोडी हलली, हे कबूल केलं पाहिजे. तोपर्यंत ते अगदी गंभीर होते. एकही प्रतिक्रिया न सोडता त्यांनी झाडून सगळ्यांना उत्तरं दिली, पाठ सरळ केली आणि आंघोळीला गेले.

बाहेर येऊन पाहतात तर मोबाइल टेबलावर थरथरत सरकत होता. "हसून हसून मेलो." "काका, तुम्ही कुठल्या खात्यात?" "अंतर्गत जोडणी!" काकांचा चेहरा पडला. इतक्या काळजीने उत्तरं दिली आणि लोकांनी हसावं? यात हसण्यासारखं काय होतं? ते हे वकिलांना विचारायला वर निघणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

आधी त्यांना वाटलं मिक्सर अडकला. मग ओळख पटली. काकू भाजीची पिशवी पायाशी टाकून ओट्याला टेकल्या होत्या, हातात टॅब होता, डोळ्यांना पदर होता, आणि त्या हसत होत्या. घोगऱ्या, भरदार, खरखरीत आवाजात, अगदी पोटापासून.

"कुत्र्याने स्वतः! अहो, काय हे!" त्या ओरडल्या. "आणि वाहिनी फुटलेली नाही? थांबा, आज फोडते!"

वरून वकिलांनी खिडकीतून डोकं काढून, "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. काकांनी खालून हात हलवला. इतक्या दिवसांनी घर पुन्हा घरासारखं वाजत होतं.

रविवारी मुलीने फोन केला. "आई, बंद करायचं ना चॅनेल?"

"बंद कसलं करतेस?" काकू म्हणाल्या. "इथे तक्रारी तुंबल्यात!"

खरंच तुंबल्या होत्या. काकांकडून उत्तर मिळावं म्हणून लोक मुद्दाम वाकडं लिहायला लागले होते. काकूंचे डोळे बारीक आहेत, सुया जाड आहेत, मागच्या पडद्यावरची फुलं कोमेजलेली आहेत. काही तर विषय सोडून बोलायला लागले. एकाने लिहिलं, बायको चार दिवस बोलत नाही. काकांनी उत्तर दिलं, "पुरवठा खंडित होण्याचे कारण बहुधा ग्राहक स्वतःच असतो. प्रथम माफी मागून पाहावी." एका बाईंनी मात्र खरोखरच नळाला पाणी नसल्याची तक्रार केली, आणि काकांनी तिचंही निवारण केलं. गाळणीत कचरा होता. निवृत्त माणसाला पुन्हा नऊ ते सहा बसावं लागलं. दुपारी ते मोबाइल उलटा ठेवून ‘जेवणाची सुट्टी’ जाहीर करत. वकील स्वतः खाली आले आणि टाचदुखीबद्दल तोंडी तक्रार करू लागले, तेव्हा काकांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "लिहून द्या. बघू."

सगळ्यांत उशिरा उत्तर आलं ते ढाण्यावाघाचं. त्याने एकेका प्रश्नाला इमानदारीने उत्तर दिलं होतं. "आवाज सकाळी जास्त येतो, कारण सकाळी मी व्हिडिओ बघतो. शेजारी येत नाही. शेजारी कोण राहतं माहीत नाही. मी एकटाच असतो."

काकांनी ते मोठ्याने वाचलं. काकूंच्या सुया थांबल्या.

"मेला एकटाच असतो," त्या म्हणाल्या. "विचारा त्याला, पायाचं माप काय."

काकांनी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं, "पुढील तपासणीसाठी पायाचे माप कळवावे." मग माप आलं. त्यामागोमाग आलं, "काका, आवाज तसा बरा आहे. मी उगाच बोललो."

शुक्रवारचा व्हिडिओ काकूंनी जाहीरपणे ढाण्यावाघाच्या मोज्यांवर केला. बासरी नव्हती, पाटी नव्हती. काका समोर मोबाइल धरून उभे होते आणि काकू बोलत होत्या. किती बोलल्या! वाघाच्या पायाच्या मापावरून सुरुवात झाली, दातांच्या डॉक्टरांचा समाचार घेऊन झाला, लोकरीच्या दुकानदाराला त्याची जागा दाखवून झाली. टाच वळवून झाल्यावर त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या आणि सरळ मोबाइलकडे पाहिलं.

"आता माझीही एक तक्रार आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या घरातला माणूस मला न विचारता माझ्यासाठी भांडायला जातो. पोलिसांत जातो, वकिलाकडे जातो, भगिनी होऊन लिहितो. त्रास जुना आहे. सकाळी असतो, संध्याकाळीही असतो. शेजारी विचारलं, त्यांच्याकडे नाही. फक्त माझ्याकडेच आहे. याचं काय करायचं?"

मोबाइल हलला. चित्र एकदा छताकडे जाऊन आलं. काकांनी घसा साफ केला, आणि त्या चॅनेलवर पहिल्यांदाच त्यांचा आवाज उमटला.

"तपासणी केली," ते म्हणाले. "तक्रार खरी आहे. दुरुस्ती होण्यासारखी नाही. ग्राहकाने सांभाळून घ्यावं."

काकू पुन्हा विणायला लागल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते हजारो लोकांनी पाहिलं.

व्हिडिओ चढवून दोघं चहा घेऊन टॅबसमोर बसले. पहिली प्रतिक्रिया आली ती कुणा नव्याच माणसाची. "हा मागून कोण किनऱ्या आवाजात बोलला? याच्यापुढे काकू परवडल्या. याला कुणीतरी आवरा!"

काकांचा कप हवेतच राहिला. किनरा? आपला? खिडकीत बसून अर्ध्या शहराला ऐकू जाणारा आवाज, आणि किनरा? त्यांनी कप आपटून खाली ठेवला आणि मोबाइलकडे हात नेला. पण काकूंनी त्यांचा हात बाजूला केला, चष्मा नाकावर चढवला, आणि एकेक अक्षर शोधत, मोठ्याने म्हणत म्हणत स्वतःच उत्तर लिहिलं:

"आपली तक्रार मिळाली. रांगेत थांबा. पहिला नंबर माझा आहे, आणि मला घाई नाही."